नावापुढचा कोरा रकाना

२०२५ सालच्या दिवाळीतली गोष्ट. २० ऑक्टोबरला आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. अशा अवेळी तेथील ॲमेझॉन कंपनीच्या संगणककेंद्रांच्या दप्तरात एका नावापुढील पत्ते पुसले गेले. नाव जागच्या जागी होते, यंत्रेही धडधाकट होती; केवळ रकाना कोरा झाला. तेवढ्याने स्नॅपचॅट, सिग्नल यांसारख्या कोट्यवधी लोकांच्या सेवा जगभर अडखळल्या. रकाना कोरा राहिल्याने काय अनर्थ होतो, हे शाळेचे जनरल रजिस्टर सांभाळण्यात हयात घालविलेल्या आम्हांस कोणी सांगावयास नको. म्हणूनच या दप्तराची थोडी चौकशी करावीशी वाटली.

संगणक एकमेकांस आकड्यांनी ओळखतात, माणसास नाव लागते. नाव कायम, आकडा मात्र यंत्र बदलले की बदलणारा. या दोहोंची सांगड घालणाऱ्या दप्तरास डीएनएस म्हणतात. १९८३ पूर्वी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइन्लर यांच्या कार्यालयात साऱ्या जाळ्याची एकच यादी असे. बदल त्यांस कळवावयाचा आणि इतरांनी ती यादी उतरवून घ्यावयाची, असा सोपा कारभार होता. पसारा वाढला, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही यादी फोडून ज्याचा भाग त्याच्या स्वाधीन करण्याची योजना मांडली. तरीही नोंद हातानेच करावी लागे. शिवाय दर बदलाबरोबर दप्तराचा अनुक्रमांक वाढवावा लागे. तो वाढवावयाचे विसरले, तर नकला बाळगणारी दुय्यम यंत्रे काहीच बदलले नाही असे समजून जुनेच पत्ते सांगत बसत. ही चूक किती थोरामोठ्यांच्या हातून झाली असेल, देव जाणे!

एप्रिल १९९७ मध्ये पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हस्तलेखनावर उपाय सांगणारा मसुदा प्रसिद्ध केला. त्याबरहुकूम काम करणारे एक लहानसे साधन आहे, त्याचे नाव एनएसअपडेट. बर्कली विद्यापीठात जन्मलेल्या बाइंड नावाच्या प्रणालीबरोबर ते मिळते. हे साधन स्वतः दप्तरास हात लावीत नाही. ते केवळ एक अर्ज लिहून मुख्य यंत्राकडे धाडते : अमुक नावापुढील जुना पत्ता काढावा, नवा घालावा. अर्जावर गुप्त किल्लीची सही असली, तर मुख्य यंत्र तो खरा मानते, नोंद करते आणि अनुक्रमांकही आपणच वाढविते. एकदा ही पद्धत स्वीकारली, की मग मधूनच कोणी दप्तर उघडून हाताने खाडाखोड करावयाची नाही. केलीच तर दोन्हीकडचे बिनसते.

परंतु आम्हांस खरे कौतुक आहे ते अर्जातील पूर्वअटीचे. ‘या नावापुढे आत्ता अमुकच पत्ता असेल, तरच हा बदल करावा’, असे त्यात लिहिता येते. अट जुळली नाही, तर संपूर्ण अर्ज परत. अर्धामुर्धा बदल नाही. मुख्य म्हणजे अट पाहणे आणि नोंद करणे ही दोन कामे एका दमात होतात, मध्ये दुसऱ्याचा हात शिरू शकत नाही. ही अट घालणे ऐच्छिक आहे. आमच्या हाती असते, तर आम्ही ती सक्तीची केली असती!

आता पुन्हा व्हर्जिनियाकडे. तेथे लाखो नोंदी सतत बदलत असल्याने ॲमेझॉनने स्वतःची स्वयंचलित व्यवस्था उभारली होती. एक कार्यक्रम पत्त्यांचे आराखडे तयार करी आणि दुसरे काही ते दप्तरात उतरवीत. एक बंद पडला तरी काम अडू नये, म्हणून उतरविणारे मुद्दाम एकाहून अधिक ठेवलेले. त्यांतील एकाने ‘माझा आराखडा आधीच्यापेक्षा नवा आहे ना?’ ही खातरजमा सुरुवातीस केली खरी, पण पुढे तो रेंगाळला. तेवढ्या अवधीत दुसऱ्याने त्याहून नवा आराखडा भराभर उतरवून टाकला. मग रेंगाळलेल्या पहिल्याने, मघाच्याच तपासणीवर विसंबून, आपला शिळा आराखडा त्यावर चढविला. इकडे दुसरा जुनी रद्दी आवरावयास निघालेला. हा आराखडा फार जुना दिसतो, म्हणून त्याने तो काढून टाकला, आणि त्यासरशी नावापुढील सगळे पत्ते गेले. दोघेही आपापल्या परीने नियमाने वागले होते. एक दाखला तपासून चहास गेलेला आणि दुसरा कपाट आवरणारा, असे दोन कारकून आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहेत.

रकाना असा विचित्र अवस्थेत कोरा झाला, की ती स्वयंचलित व्यवस्था स्वतः तो भरूही शकेना. अखेर माणसांनी हाताने पत्ते परत घातले, तोवर अडीच तास उलटले होते. त्यावर अवलंबून असलेल्या इतर सेवांची घडी बसेपर्यंत तर आपल्याकडे पुन्हा मध्यरात्र उलटून गेली. त्यानंतर ॲमेझॉनने ती स्वयंचलित व्यवस्था, दुरुस्ती होईपर्यंत, जगभर बंद ठेवली.