न उपणतां कणगींत!

खळ्यावरचें धान्य न उपणतां कणगींत भरणाऱ्यास सारा गांव वेडा म्हणेल. पण आमच्या घरादारावर चालणारे कायदे दिल्लींत तसेच भरले जातात आणि आम्ही शेतकरी-कारागीर मुकाट बसतों. कां? तर कायदा उपणण्याचें खळें कोठें असतें, हेंच आम्हांस कोणी सांगितलें नाहीं.

बांधवांनो, तें खळें म्हणजे संसदेच्या समित्या. शेंकडों सभासदांच्या गर्दींत एकेक कलम तपासणें होत नाहीं. म्हणून १९९३ सालीं खातेवार १७ स्थायी समित्या नेमल्या. २००४ सालीं त्या २४ झाल्या. प्रत्येकींत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सभासद. शेतकीची निराळी, मजुरांची निराळी, ग्रामविकासाची निराळी. मंत्र्यास तेथें सभासद होतां येत नाहीं. अधिकाऱ्यांस जाब विचारतां येतो, जाणत्यांच्या साक्षी होतात, रयतेकडूनही लेखी म्हणणें मागवितां येतें. २०११ सालचें भूसंपादनाचें विधेयक असेंच ग्रामविकास समितीकडे गेलें. कायदा २०१३ सालीं झाला.

आतां २०२० सालचे तीन शेती कायदे पाहा. जूनमध्यें वटहुकूम, सप्टेंबरांत विधेयकें. समितीकडे एकही गेलें नाहीं. राज्यसभेंत २० सप्टेंबरला दोन विधेयकें मतें न मोजतां नुसत्या आवाजावर मंजूर! मग जें म्हणणें समितीच्या खोलींत ऐकावयाचें, तें शेतकऱ्यांस दिल्लीच्या वेशीवर वर्षभर थंडीउन्हांत बसून सांगावें लागलें. नोव्हेंबर २०२१ मध्यें तेच कायदे सरकारास मागें घ्यावे लागले. घाईनें काय साधलें?

हा एकटा अपवादही नव्हे. २००९ ते २०१४ च्या लोकसभेंत शेंकडा ७१ विधेयकें समित्यांकडे गेलीं. २०१९ ते २०२४ च्या लोकसभेंत अवघीं १६!

समित्या वेळ खातात, असें कोणी म्हणतील. उपणणीसही वेळ लागतो. म्हणून कोंडा कोणी खात नाहीं. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात व तिची शिफारस सरकारास बांधीत नाहीं, हा दोष आम्हांस मान्य आहे. पण बांधीत नाहीं, तर मग तिचें भय कसलें?

म्हणून मत मागावयास येणाऱ्यास ओट्यावर बसवून विचारा: आपण कोणत्या समितीवर होतां? किती बैठकींस गेलां? आमच्या शेताचें, आमच्या धंद्याचें विधेयक समितीकडे धाडा, असें एकदां तरी म्हणालां काय? आणि समितीनें म्हणणें मागविलें कीं चावडीवर जमून तें लिहून पाठवा. दुसऱ्याच्या सुपावर भरंवसा ठेवून आजवर आमच्या वांट्यास कोंडाच आला आहे.