वशीकरणाचा नवा मंत्र

वशीकरण हा शब्द आपल्याला नवा नाही. बसस्थानकाच्या भिंतीवर, रेल्वे फाटकाशेजारी 'चोवीस तासांत वश करून देतो' अशा जाहिराती आपण सर्वांनीच वाचल्या आहेत आणि वाचून हसलोही आहोत. शिकल्यासवरल्या माणसाला अंगाऱ्याने कोणी वश करू शकत नाही, अशी आपली ठाम समजूत असते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, कर्नाटकाने २०१७ साली तसाच कायदा संमत केला. त्यामुळे हा प्रश्न आता मिटत आला, असेही काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. वशीकरणाने अंगारा टाकून दूरध्वनी हाती घेतला आहे, एवढाच काय तो फरक.

'डिजिटल अरेस्ट' हे त्याचे आजचे नाव. फोन येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचे खाते उघडले गेले, असे सांगितले जाते. मग पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, घरच्यांनाही एक अक्षर सांगायचे नाही, असा हुकूम सुटतो. शेवटी 'तपासणीसाठी' पैसे अमुक खात्यात भरा, निर्दोष ठरलात तर परत मिळतील, असे आश्वासन. अशी अटक आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. तरीही २०२४ साली वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यासारख्या अनुभवी उद्योगपतीला याच रीतीने ७ कोटी रुपयांना फसवण्यात आले. त्यांच्यापुढे तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली होती! तेव्हा 'अडाणी माणसेच फसतात' हे म्हणणे आपण सोडून द्यावे, हे बरे.

यात मंत्र कोणता? भीती आहे, घाई आहे. पण खरा मंत्र तिसराच आहे, आणि तो म्हणजे 'कोणाला सांगू नका'. माणूस एकटा पडला की त्याची बुद्धी निम्मी होते. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून काही प्रयोग केले. शेजारच्या खोलीतील माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि दर चुकीला तो वाढवायचा, असे सामान्य नागरिकांना सांगण्यात आले. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेतला माणूस शांतपणे 'पुढे चला' म्हणत राहिला आणि ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा पुष्कळांना माहीत असतो. दुसरा आकडा मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याच प्रयोगाच्या एका प्रकारात सोबतच्या दोघांनी 'आम्ही हे करणार नाही' म्हणून हात मागे घेतला, तेव्हा ४० पैकी केवळ ४ जण शेवटपर्यंत गेले. माणसे तशीच, हुकूमही तोच. फक्त नाही म्हणणारे कोणी तरी शेजारी होते.

मी बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोऱ्याचा. आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. साहेबाच्या भाषेत कोणी बोलू लागला की उभे राहायचे आणि मान डोलवायची, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. कळले किती याला महत्त्व नव्हते, भाषेचा दराराच पुरेसा होता. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. सीमाभागातल्या माझ्या मित्रांना हा अनुभव मी समजावून सांगायला नको. डिजिटल अटकेचे सोंग घेणारा नेमका तोच दरारा वापरतो. कलम, वॉरंट, क्रमांक, शिक्का. आईशी ज्या भाषेत आपण वाद घालतो, त्या भाषेत तो कधी बोलत नाही.

माझी आजी निरक्षर होती, पण तिचा एक नियम होता. कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तो दोघांकडून वाचून घ्यायचा, आणि त्या दोघांचे एकमेकांशी फारसे पटत नसले तर अधिक चांगले! आपण वाचायला शिकलो आणि हा नियम विसरलो. आता आपण एकटेच वाचतो, एकटेच घाबरतो आणि एकटेच बटण दाबतो.

यावर कोणी म्हणेल, चार लोकांत राहिले की माणूस शहाणा राहतो काय? मग राईनपाड्यात काय झाले? हा प्रश्न टाळता येणार नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात हे गाव. १ जुलै २०१८ रोजी तिथे आठवडी बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर सर्वत्र फिरत होते. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना त्या संशयावरून जमावाने ठेचून मारले. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली होती. पळवलेले मूल परत आणून देतात, तो शेवट कोणी तरी कापून टाकला होता.

राईनपाड्यात माणसांची कमतरता नव्हती. पण जमाव म्हणजे 'दुसरा माणूस' नव्हे. शंभर जणांनी एकच संदेश वाचला असेल आणि 'कशावरून?' असे एकानेही विचारले नसेल, तर ते शंभर जणही खोलीत कोंडलेल्या त्या एका माणसाइतकेच एकटे असतात. माझ्या आजीला केवळ सोबत नको होती, वेगळे सांगू शकणारा माणूस हवा होता.

अशी माणसे कुठे घडावीत? महाविद्यालयात, असे उत्तर आपण पटकन देऊ. पण मित्रांनो, आपल्या वर्गात 'सर, हे कशावरून?' असे विचारणाऱ्याकडे आपण कसे पाहतो? शेजारचे हसतात, मागच्या बाकावरून 'बस खाली' असा आवाज येतो आणि कधी कधी प्राध्यापकांच्याही कपाळाला आठी पडते. विचारणाऱ्याला आपण अशा रीतीने पाच वर्षे गप्प बसायला शिकवतो. मग एके दिवशी फोनवरचा गणवेश त्याला 'गप्प बस' म्हणतो आणि तो बसतो. यात आश्चर्य ते काय?

असा फोन आला तर तो बंद करावा, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, हे प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांना आजच सांगावे. पण तेवढ्याने भागणार नाही. उद्या सोंग बदलेल, नाव बदलेल. 'कोणाला सांगू नका' हे तीन शब्द मात्र बदलणार नाहीत. ते ज्या क्षणी कानावर पडतील, त्याच क्षणी उठून कोणाला तरी सांगावे. आणि आपल्याकडे कोणी सांगायला आले, तर 'एवढे शिकून फसलास कसा?' असे म्हणून त्याला पुन्हा एकटे पाडू नये.