नमाजची वेळ मोजतो कोण?

आज घराघरांत मोबाइलवर अजान होते. मस्जिदीची अजान कानी पडत नाही अशा वसाहतीत राहणाऱ्यांना, दुकानात किंवा दवाखान्यात ड्यूटीवर असणाऱ्यांना या अॅपचा मोठा आधार आहे. पण अॅपला ही वेळ कुणी सांगितली, हे आपण क्वचितच विचारतो. या महिन्यात आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत, कारण हा प्रश्न थेट आपल्या नमाज-रोज्याशी जोडलेला आहे.

अॅप किंवा वेबसाइट तयार करणारा सारे काही स्वतः लिहीत नाही. जावास्क्रिप्ट, पायथन यांसारख्या स्क्रिप्ट भाषांना जोडता येतील असे तयार भाग मिळतात. त्यांना मॉड्युल किंवा पॅकेज म्हणतात. मसाला घरी कुटण्याऐवजी तयार आणावा, तसाच हा प्रकार. जावास्क्रिप्टची पॅकेजेस 'एनपीएम'वर मिळतात, पायथनची 'पायपीआय'वर. एका ओळीची आज्ञा दिली की मॉड्युल आपल्या प्रोग्रॅममध्ये येऊन बसते, बहुतेक वेळा फुकट.

जावास्क्रिप्टसाठी असेच एक मॉड्युल आहे, 'अधान', म्हणजे आपली अजान. गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख दिली की ते पाचही नमाजांच्या वेळा काढून देते. त्यातले सूर्याचे गणित बेल्जियमचे खगोलतज्ज्ञ ज्याँ मेउस यांच्या ग्रंथातून घेतले आहे. गणित चोख आहे. तरीही काही गोष्टी गणित ठरवत नाही, त्या माणसालाच सांगाव्या लागतात.

पहिली गोष्ट असरची. शाफई मसलकात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूइतकी झाली की असर सुरू होते. हनफी मसलकात ती दुप्पट झाल्यावर. आपल्या महाराष्ट्रात या दोन वेळांत ऋतूप्रमाणे साधारण पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो. 'अधान'मध्ये काहीच निवडले नाही, तर शाफई वेळ गृहीत धरली जाते. कोकणातल्या बहुतेक घरांना ती बरोबर पडेल. पण मराठवाड्यातल्या हनफी घरातल्या मुलाने तेच मॉड्युल जसेच्या तसे बसवले, तर त्याच्या अॅपवर असरची अजान फार लवकर होईल.

दुसरी गोष्ट फजरची. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना फजर धरायची, याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. कराचीच्या पद्धतीत 18 अंश धरतात, उत्तर अमेरिकेतल्या 'इस्ना' संस्थेच्या पद्धतीत 15. मुंबईसारख्या ठिकाणी या तीन अंशांमुळे साधारण तेरा ते पंधरा मिनिटांचा फरक पडतो. अमेरिकेची पद्धत लावलेल्या अॅपवर भरवसा ठेवून रमजानात सहरी करणारा माणूस, मस्जिदीच्या तक्त्याप्रमाणे वेळ संपल्यावरही खात राहील. अॅप त्याला इशारा देणार नाही. त्याला जे सांगितले, तेच ते करते आहे.

तारखेचेही तसेच. पायथनमध्ये इंग्रजी तारखेची हिजरी तारीख करणारे एक मॉड्युल आहे. ते सौदी अरबच्या उम्मुल-कुरा दिनदर्शिकेवर चालते. ती दिनदर्शिका आगाऊ गणिताने बांधलेली आहे. आपल्याकडे महिना चाँद पाहून सुरू होतो. त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. तारीख अंदाजे जुळवायला ते उत्तम, पण ईद ठरवायला नाही.

यात मॉड्युल लिहिणाऱ्यांचा दोष नाही. उलट त्यांनी निवडीची सोय ठेवली आहे आणि सगळे मोकळेपणाने वाटले आहे. 'अधान'चा परवाना एवढेच मागतो की लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत राहू द्या. लाखो लोकांच्या नमाजला उपयोगी पडणारे असे काम आम्हाला सदका-ए-जारियाच वाटते. पण घेणाऱ्याकडेही एक अमानत येते.

आपल्या घरांतली कितीतरी मुले-मुली आता कोडिंग शिकत आहेत. त्यांना आमचे सांगणे असे: मॉड्युल जोडण्याआधी त्याचे माहितीपत्रक पूर्ण वाचा. नावाचे स्पेलिंग नीट तपासा, कारण मिळत्याजुळत्या नावाची फसवी पॅकेजेसही या भांडारांत टाकली जातात. काही न निवडल्यास ते काय गृहीत धरते, हे शोधा. आणि मसलक व पद्धत निवडण्याची सोय अॅपच्या पहिल्याच पानावर द्या, सेटिंगच्या तळाशी नको.

बाकीच्यांसाठी काम सोपे आहे. आज अॅपमधल्या फजर आणि असरच्या वेळा आपल्या मस्जिदीत लावलेल्या तक्त्याशी ताडून पाहा. एक-दोन मिनिटांचा फरक चालेल. जास्त असेल तर सेटिंग उघडा, जमले नाही तर घरातल्या मुलांना सांगा, आणि शंका राहिलीच तर इमामसाहेबांना विचारा. रमजान येण्याआधी हे झालेले बरे.