भाड्याचा जिरेटोप

मी खोपटात राहतो. हे वाक्य ठाण्याबाहेरच्या वाचकाने वाचले की त्याच्या डोळ्यांसमोर कुडाच्या भिंती आणि गळके छप्पर उभे राहते. म्हणून आधीच खुलासा करून टाकतो : खोपट ही ठाणे शहरातली वस्ती आहे, तेथे एस. टी.चे आगार आहे, आणि मी तिसऱ्या मजल्यावर चांगल्या पक्क्या घरात राहतो. तरीसुद्धा खोपटातल्या माणसाने चिलखते, धोपा आणि दांडपट्टे यांवर तोंड उघडावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. वाटो बापडा. हल्ली या विषयावर आगाऊपणा केल्याशिवाय खरे बोलता येत नाही.

शिवजयंती जवळ आली, आणि आमच्याकडे ती तारखेने एकदा व तिथीने एकदा अशी दोनदा जवळ येते, की भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानांसमोर मंडळांची झुंबड उडते. जिरेटोप, मखमली अंगरखे, पत्र्याच्या तलवारी, आणि अलीकडे निघालेले रेक्झिनचे छातीपट्टे. हे छातीपट्टे कोणत्या गडावरून आले म्हणाल, तर दूरचित्रवाणीवरच्या मालिकांतून आले. आणि मालिकावाल्यांनी ते परदेशी सिनेमांतून उचलले. रोमन शिपायाचे मनगटी पट्टे घालून आमचा मावळा ढोलाच्या तालावर चालतो आणि संध्याकाळी सातच्या आत पोशाख दुकानात परत करतो, कारण उशीर झाला की दुसऱ्या दिवसाचे भाडे चढते. मुलांनी नटावे, मिरवावे. मुलांशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते या मिरवणुकीलाच इतिहास समजणाऱ्या वडीलधाऱ्यांशी.

आमच्याच इमारतीत एक मुलगा आहे. पदविका घेऊन कारखान्यात लागला आहे. गेली दोन वर्षे रात्री जेवण झाले की हा गॅलरीत बसतो. लोखंडी तार सळईवर घट्ट गुंडाळतो, त्या वेटोळ्याच्या कड्या कापतो, आणि दोन पकडी हातांत घेऊन एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवून मिटवतो. एका रात्रीत फार तर दीडशे कड्या. अंगभर चिलखताला वीस हजारांच्या आसपास लागतात. हिशेब वाचकांनी करावा. त्यात सुट्या, सणवार आणि पाहुणे धरावेत. मधल्या पावसाळ्यात झालेल्या अर्ध्या चिलखताला तांबूस गंज चढला, तेव्हा त्याने ते वाळूबरोबर गोणपाटात घालून दोन रविवार घुसळले. सगळ्या इमारतीने तो आवाज ऐकला. त्याच्या आईने आपले गोडेतेल कुलपात ठेवले ते तेव्हापासून.

या मुलाच्या वडिलांना सोसायटीच्या सभेत एका गृहस्थांनी विचारले, "काय हो, चिरंजीव अजून खेळतात का?" सभा हसली. हे गृहस्थ दरवर्षी मिरवणुकीच्या अग्रभागी भाड्याचा जिरेटोप घालून चालतात. त्यांना कोणी विचारीत नाही.

मी विचारतो. साहेब, आपल्या भाषणात तलवार मणभर वजनाची असते. किराणा दुकानातले एक किलोचे वजन हाती घ्या, हात सरळ पुढे करा आणि पाच मिनिटे तसेच उभे राहा. तुमचा दंड थरथरू लागेल. नेहमीची तलवार किलोभराची, फार तर सव्वा-दीड किलोची असे; कारण ती दिवसभर चालवायची असे. मणाची तलवार उचलणारा वीर पुराणात शोभेल. ज्यांनी खरोखर लढाया मारल्या त्यांना आपण त्या थापेने मोठे करीत नाही, त्यांचे कसबच पुसून टाकतो. किलोभर लोखंडाने जे साधले ते मणाच्या जोरावर साधले असे सांगणे ही कसली भक्ती?

ती चिलखताची गोष्ट घ्या. कड्यांचे चिलखत पात्याचा वार अडवते. पण वाराचा दणका अडवत नाही. आत कापूस भरून शिवलेली जाड बंडी नसेल तर कातडी शाबूत राहून हाड मोडते. म्हणजे चिलखताचा निम्मा पराक्रम लोहाराचा आणि निम्मा शिंप्याचा. हे मला कोणत्याही व्याख्यानात कळले नाही. त्या मुलाने कड्यांचा वीतभर तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि वरून लाकडी रूळ हलकेच मारला, तेव्हा कळले. मग खाली उशी ठेवून मारला, तेव्हा अधिक कळले. दहा किलोचे हे ओझे अंगावर घेऊन वैशाखात घाट चढणे म्हणजे काय, याचाही विचार तेव्हाच सुचला. सामान्य मावळ्याजवळ चिलखत असणे हाच अपवाद होता. कांबळे, पागोटे, ढाल आणि चपळ पाय हे त्याचे बळ. त्याला छातीवर चकाकणारे पत्रे चढवणारा माणूस गनिमी काव्याचा जयजयकार कोणत्या तोंडाने करतो?

आणि अज्ञान हे कधी कधी फार महागात पडते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे डच संग्रहातले चित्र पुढे आणले, तोपर्यंत भलत्याच एका सरदाराचे चित्र आपण महाराजांचे म्हणून छापत होतो. समकालीन चित्रांत दिसते ते पागोटे, लांब जामा, कमरेचा शेला आणि सरळ पात्याची तलवार. ती सरळ पात्याची फिरंग नीट पाहा. तिचे नावच सांगते की पाते फिरंग्यांच्या देशातले. मूठ आणि परज मात्र इकडची. परदेशी पोलाद चांगले निघाले, ते घेतले, आपल्या मुठीत बसवले. हे सांगितले की काही मंडळींना अपमान वाटतो. मला यात अपमान दिसत नाही, शहाणपण दिसते.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे ती होती. तीच ती की दुसरी, यावर केवढे रण माजले! ती महाराजांचीच हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच सांगितले होते. पण ऐकतो कोण? त्या भांडणात एवढेच कोणी विचारले नाही की ही वस्तू घडवली कशी. एक पट्टी, चार नख्या, दोन अंगठ्या. नखीला वाक कसा दिला, पट्टीला ती जोडली कशी, मुठीत लपते किती आणि उघडते किती? हे प्रश्न विचारायला लोहाराची नजर लागते. आपल्याजवळ फिर्यादीची नजर आहे.

त्याच वर्षी दांडपट्टा हे महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाले. आनंद आहे. पण दांडपट्ट्याची खुबी काय ते किती जणांना ठाऊक? त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारे लोखंडी नळकांडे. आतली पकड आडवी. म्हणून मनगट वळत नाही आणि पाते फिरवायचे तर खांद्यापासून सगळे अंग फिरवावे लागते. पाते लांब आणि लवचिक. मर्दानी खेळाच्या आखाड्यांतून कोल्हापुरात ही विद्या हातांनी हातांना दिली, म्हणून ती टिकली. पत्र्याचा दांडपट्टा घेऊन छायाचित्र निघते. खांद्याला काही कळत नाही.

आपली भाषा तरी पाहा. खोगीर कोणी पाहिले नाही, पण खोगीरभरती सगळे करतात. घोड्याच्या तोंडाला बांधायचा तोबरा गेला, पानाचा राहिला. पाजळायचे ते शस्त्र, आपण अक्कल पाजळतो. मराठी माणसाच्या तोंडात अजून सबंध पागा बांधलेली आहे. हातात मात्र काही उरलेले नाही. आणि हे ज्यांच्या हातांत होते त्यांची नावे आपण कधी घेतो? जीन करणारा जिनगर, शस्त्रांना पाणी आणि झिलई देणारा शिकलगार, ढालीचे कातडे कमावणारा, बंडी शिवणारा. १८१८ मध्ये पेशवाई गेली, १८७८ मध्ये इंग्रजांचा शस्त्रांचा कायदा आला, आणि शिकलगारापुढे विळे, अडकित्ते अन् कात्र्या उरल्या. आज तो धार लावण्याचे चाक घेऊन तुमच्या दाराशी येतो, तेव्हा दहा रुपयांवरून आपण त्याच्याशी हुज्जत घालतो आणि आत जाऊन तलवारीचे पोवाडे ऐकतो. मिरवणुकीत सरदार शंभर असतात. एखादा लोहार कोणी कधी पाहिला आहे का?

फ्रान्समध्ये गेदेलाँ नावाच्या ठिकाणी १९९७ पासून काही माणसे एक किल्ला बांधीत आहेत. नवा किल्ला, पण तेराव्या शतकातल्या रीतीने : दगड तिथल्याच खाणीतला, गाडीला घोडा, हत्यारे ऐरणीवर घडवलेली. तिकडे त्यांना कोणी 'अजून खेळता का' म्हणत नसेल असे नाही. पण पाहायला जगभरातून लोक जातात, आणि जुनी भिंत कशी उभी राहत होती हे अभ्यासकांना तिथे कळते. अमेरिकेत बर्कली येथे १९६६ साली अशाच छांदिष्टांनी मंडळ काढले, ते अजून चालू आहे. आपले बारा किल्ले २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तिकडे तमिळनाडूतले जिंजी. त्यांच्या तटाचा चुना कसा मळत, हे विचारायला उद्या आपण कोणाकडे जाणार आहोत? आम्हा ठाणेकरांची तर वेगळीच तऱ्हा. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला आमचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. तो आतून नीट पाहायचा तर आधी एखादा गुन्हा करावा लागतो.

या हौसेवर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कोणी म्हणेल, पोरांच्या हाती शस्त्रे देऊन तुम्ही लढाईचे वेड लावता. मला वाटते, वेड लागते ते पत्र्याच्या तलवारीने. ती हलकी असते, तिच्याने कोणी मरत नाही. ज्याने चिलखताचा भार एक दुपार अंगावर वागवला आहे आणि कापसाखाली आपले हाड जपले आहे, त्याच्या तोंडी रक्ताच्या घोषणा सहसा येत नाहीत. शिवाय या छंदाला धारेची गरजच नाही. लांब पात्यांवर कायद्याचे बंधन आहे आणि ते असावे. चिलखत करा, जीन करा, वहाणा करा, पखाल शिवा. कोणाला ओरखडाही उठणार नाही.

आता दिवाळी आली आहे. अंगणातला किल्ला ही आपल्या मुलांची या शास्त्रातली पहिली शाळा होती. माती कालवायची, दगड रचायचे, बुरूज ढासळला की पुन्हा लिंपायचा, वर मोहरी पेरून हिरवळ काढायची. बुरुजाला पाया रुंद का लागतो हे सात वर्षांच्या पोराला चिखलाने शिकवले. यंदा आमच्या बाजारात प्लॅस्टरचा तयार किल्ला विकायला आहे. रंगवलेला, मावळ्यांसकट, घरपोच. आयाबापांनो, कपडे मळत नाहीत म्हणून तो घेऊ नका.

आणि मंडळांच्या अध्यक्षांना माझी सूचना आहे. येत्या शिवजयंतीला चाळीस पोशाखांचे भाडे वाचवा. चौकात एक ऐरण मांडा, भाता लावा, एक लोहार आणि एक शिकलगार बोलावून त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी आणि मानाचा नारळ द्या. आमच्या इमारतीतला मुलगा आपल्या पकडी घेऊन येईल, मी त्याला विचारून ठेवले आहे. चिलखत छातीपर्यंत आले आहे, बाह्या अजून व्हायच्या आहेत. प्रत्येक पोराने रांगेत येऊन एक कडी मिटवावी. जिरेटोपवाल्या गृहस्थांनीही मिटवावी. त्यांच्यासाठी मी स्वतः मोठ्या तोंडाची पक्कड आणीन.