मुंबई २४ तास उघडी, मग अंधेरीतला बार दीड वाजता बंद का होतो?

विमानतळ जवळ असल्यामुळे बाहेरून येणारे बरेच जण अंधेरीत मुक्काम करतात. दिवसभराची कामं उरकली की रात्री 'बसायला' कुठे जायचं, हा प्रश्न येतोच. बँकॉक फिरून आलेल्याला तर वाटतं, कधीच न झोपणारं शहर म्हणजे पहाटेपर्यंत सोय असणारच. पण एकच्या सुमारास वेटर 'लास्ट ऑर्डर' विचारतो आणि दीडला शटर खाली.

आता तुम्ही म्हणाल, सरकारने तर २४ तासांची परवानगी दिलीय ना?

दिलीय, तीही एकदा नाही. दुकाने व आस्थापना कायदा डिसेंबर २०१७ मध्ये लागू झाला. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी 'मुंबई २४ तास'चा आग्रह धरला आणि नाइटलाइफवरून बराच धुरळा उडाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासन निर्णय काढून तीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली. पण तिन्ही वेळा दारू देणारी ठिकाणं वगळलेली होती. म्हणजे ज्या नाइटलाइफवरून एवढा वाद झाला, ती यादीत कधी नव्हतीच.

याचं कारण १९४९ मध्ये सापडतं. तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा तोच राहिला आणि आजही त्याच्या नावात 'दारूबंदी' आहे. या कायद्यानुसार दारू पिणं हा हक्क नाही, सरकारने दिलेली सूट आहे. त्यासाठी पिणाऱ्याकडे परवाना हवा. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बारच्या पाटीवर दिसणारं 'परमिट रूम' हे नाव तिथूनच आलं. एका दिवसाचं परमिट अवघ्या पाच रुपयांचं असतं. ते किती जण मागतात, हे वेगळं सांगायला नको. वयाची अट बिअरला २१ आणि व्हिस्की-रमला २५.

सूट देणारा तिची वेळही ठरवतो. त्यामुळे मुंबईच्या रात्रीची घड्याळं वेगवेगळी आहेत. चहा-पावभाजी २४ तास, दारू दीडपर्यंत, उघड्या गच्चीवर स्पीकर दहापर्यंत आणि बारमधला डान्स साडेअकरापर्यंत.

यातलं डान्सचं घड्याळ सगळ्यात महागात पडलं. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्सबार बंद केले, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मोकळीक ठेवली. २००६ मध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलं. बंदीमुळे सुमारे ७५ हजार बायकांचं काम गेल्याचं कोर्टासमोर आलं. रोगापेक्षा औषध जालीम ठरलं, असा कोर्टाचा सूर होता. सरकारने २०१६ मध्ये नवा कायदा आणला. जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने त्यातल्याही कित्येक अटी उडवल्या, पण सहा ते साडेअकराची वेळ तशीच ठेवली.

मग दारूची वेळ तरी वाढवावी का? थायलंडने डिसेंबर २०२३ पासून बँकॉक, फुकेतसारख्या पर्यटनाच्या भागांत पहाटे चारपर्यंत मुभा दिली. इथे ३१ डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत सूट मिळते, म्हणजे यंत्रणेला ते अशक्य नाही.

पण उपनगरांत खाली बार आणि वर बिऱ्हाडं, असा प्रकार सर्रास आहे. तिथली मतं बारमालकांपेक्षा जास्त. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत सोसायटीच्या परवानगीशिवाय तिथे नवं बिअर-वाइन शॉप नाही, असं जाहीर केलं, ते उगाच नाही.

दुसरी अडचण घरी पोचण्याची. दीडला बार बंद करून टेबलं आवरेपर्यंत वेटरची शेवटची लोकल गेलेली असते आणि पहिली थेट चारनंतर. मध्यरात्र ते पहाटे पाच रिक्षाचं भाडं सव्वापट. पाहुणा ते देईल, पण टीपवर घर चालवणारा रोज कुठून देणार? २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घराच्या दारापर्यंत गाडी द्यावी लागते. पुरुष वेटरसाठी अशी तरतूद नाही.