मधमाशीचे विरजण

घरात दही लावायचे असले की आई कोमट दुधात चमचाभर विरजण घालते. विरजण संपले असेल तर वाटी देऊन तुम्हांलाच शेजारी पिटाळले जाते. कारण उघड आहे. दुधाचे दही करणारे जिवाणू आधीच्या दह्यातून यावे लागतात. मधमाशीच्या पोटाचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. त्या गोष्टीवर आज एक व्यापार उभा राहिला आहे. त्याविषयी मला तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

कामकरी माशी कोशातून बाहेर पडते तेव्हा तिच्या आतड्यात जिवाणू जवळजवळ नसतात. पुढच्या चार-सहा दिवसांत पोळ्यातल्या मोठ्या माश्यांच्या सहवासातून आणि पोळ्याच्या स्पर्शातून ते तिला मिळतात. हेच तिचे विरजण! मग त्यांची संख्या दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जाते. गंमत अशी, की माणसाच्या आतड्यात जिवाणूंचे शेकडो प्रकार असतात, तर युरोपीय मधमाशीच्या आतड्यातील बहुतेक सारे जिवाणू आठ-नऊ गटांत बसतात. त्यांतील दोघांना २०१३ साली रीतसर नावे मिळाली. स्नॉडग्रासेला हे नाव कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट स्नॉडग्रास यांच्यावरून आणि गिलियामेला हे मधमाशीच्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणाऱ्या मार्था गिलियम यांच्यावरून.

हे पाहुणे फुकट खात नाहीत, बरे का! गिलियामेला परागकणांच्या कवचातील पेक्टिन फोडते. स्नॉडग्रासेला आतड्याच्या भिंतीला चिकटून राहते आणि तिथला ऑक्सिजन वापरून टाकते. त्यामुळे त्या बारीकशा नळीत भिंतीपाशी ऑक्सिजन आणि मध्यभागी तो जवळजवळ शून्य, असा उतार तयार होतो. ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही असे जिवाणू मग मध्यभागी सुखाने राहतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

आता या घरात औषध शिरले तर काय होईल? अमेरिकन फाउलब्रूड नावाचा रोग मधमाशीच्या अळ्या कुजवतो. त्यासाठी अमेरिकेत १९५०च्या दशकापासून पोळ्यांना टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविके दिली जाऊ लागली. रोगाचे बीजाणू त्याने मरत नाहीत, फक्त रोग दबतो. पण पोटातल्या सोबत्यांचे काय? २०१७ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पोळ्यातल्या शेकडो माश्या घेऊन त्यांनी काहींना पाच दिवस टेट्रासायक्लीन घातलेला साखरेचा पाक दिला, तर काहींना नुसता पाक. कोण कुठल्या गटातली हे कळावे म्हणून पाठीवर रंगाचे ठिपके लावले आणि माश्या पोळ्यात परत सोडल्या. तीन दिवसांनी मोजले तेव्हा नुसता पाक प्यालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश सापडल्या. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच. पोटातले सोबती कमी झाले आणि एरवी दबून असणाऱ्या जंतूंना वाट मोकळी झाली.

यावर उपाय म्हणून आता पुड्या मिळतात. पाकात किंवा परागाच्या पोळीत मिसळा, चांगले जिवाणू पोटात जातील, असे सांगतात. यांना प्रोबायोटिक म्हणतात. कल्पना खोटी नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टायलोसिन हे प्रतिजैविक दिल्यानंतर माश्यांना मधमाशीच्याच आतड्यातून वाढवलेले जिवाणू दिले, तेव्हा रोगजंतूंपुढे त्यांचा टिकाव अधिक लागला. पण बाजारातल्या अनेक पुड्यांत जिवाणू असतात ते माणसासाठी किंवा जनावरांसाठी वापरले जाणारे. ते मधमाशीच्या आतड्यात वस्ती करत नाहीत, असे चाचण्यांत दिसले आहे. इडलीच्या पिठाने दही लागेल का? तसेच हे.

तुम्ही म्हणाल, "सर, उपयोग नसला तर नसो, नुकसान तर नाही ना?" मला हे पटत नाही. पहिले नुकसान मधपाळाच्या खिशाचे. दुसरे अधिक गंभीर आहे. हाताशी पुडी आहे म्हटले की प्रतिजैविक देताना हात आखडत नाही. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. २०१२ साली दिसून आले, की अमेरिकेतील मधमाश्यांच्या पोटातील जिवाणूंत टेट्रासायक्लीनला दाद न देणारी जनुके साठली आहेत. जिथे हे औषध पोळ्यांना देत नाहीत, तिथे ती तुरळकच आढळली. म्हणून माझे मत असे, की विरजण नासवून मग ते विकत आणण्यापेक्षा आधी ते जपावे. उगाच औषध देऊ नये, पोळ्याजवळ निरनिराळी फुले असावीत, रोगट पोळे वेळीच वेगळे करावे.

आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यायला हवी. वरचे प्रयोग युरोपीय मधमाशीवरचे आहेत. महाबळेश्वरच्या पेट्यांत पाळली जाते ती सातेरी ही वेगळी जात. मधमाशीच्या निरनिराळ्या जातींच्या पोटातील जिवाणूंचे वाणही वेगवेगळे असतात. तेव्हा तिकडची पुडी इकडे चालेलच, असे गृहीत धरणे शास्त्राला धरून नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, मधमाश्यांचा तज्ज्ञ नव्हे. पण मोजमापाचा नियम सगळीकडे एकच असतो. ज्यांना औषध दिले त्यांची तुलना ज्यांना दिले नाही त्यांच्याशी केल्यावाचून औषधाचा गुण कळत नाही. पुडी दिली आणि पोळे भरभरले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कदाचित त्याच सुमारास जांभूळ फुलले असेल! तेव्हा मधमाशीची असो, पिकाची असो की तुमच्या स्वतःच्या पोटाची, अशी पुडी कोणी पुढे केली तर नम्रपणे विचारा : ज्यांना ही दिली नाही, त्यांचे काय झाले? उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच राहू द्या.