खुर्ची विकू नका, चाकं बदला

टाळेबंदीत ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्या घरोघरी आल्या आणि बऱ्याच घरांत कायमच्या मुक्कामाला राहिल्या. खुर्ची चांगलीच असते, पाठीला आराम असतो. पण फरशीवर ती सरकवली की खडखडाट होतो, रात्री काम करणाऱ्याला खालच्या मजल्यावरून निरोप येतो आणि टेबलापुढच्या फरशीची चकाकी हळूहळू जाते. मग कोणी खाली सतरंजी घालतं, तर ती चाकांत गोळा होते. शेवटी कंटाळून खुर्चीच विकायला काढतात. माझं सांगणं एवढंच, की त्याआधी तिची पाच चाकं बदलून बघा. काही शे रुपयांचं काम आहे, त्याला मिस्त्री लागत नाही.

दोष बहुतेक वेळा खुर्चीचा नसतोच. कारखान्यातून तिला कडक नायलॉनची चाकं लागून येतात. ती स्वस्त पडतात आणि ऑफिसातल्या गालिच्यात रुतत नाहीत, म्हणून तिथे झकास पळतात. आपल्या घरात मात्र व्हिट्रिफाइड टाइल, मोझॅक, शहाबादी किंवा संगमरवर. कडक जमिनीला मऊ चाक आणि मऊ जमिनीला कडक चाक, हा साधा नियम. युरोपातल्या ईएन १२५२९ या मानकातही चाकांचे हेच दोन प्रकार केले आहेत आणि मऊ चाकाची धाव वेगळ्या रंगाची असावी, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून दुकानात चाक आतून-बाहेरून एकाच काळ्या रंगाचं दिसलं, तर आधी नायलॉनचा संशय घ्या. काळ्या चाकाच्या कडेला करड्या रंगाची पट्टी असेल, तर ते बहुधा तुमच्या कामाचं. तरी अंगठ्याचं नख दाबून बघाच. मऊ धावेवर नख किंचित रुततं, नायलॉनवर घसरतं.

आता ओरखड्यांबद्दल. व्हिट्रिफाइड टाइल नायलॉनपेक्षा कितीतरी कडक असते, नायलॉन तिला ओरबाडू शकत नाही. ओरबाडते ती चपलांबरोबर घरात आलेली वाळू. चाकाखाली कण, कणावर माणसाचं वजन, वर दिवसभर पुढे-मागे. संगमरवर आणि शहाबादी तर वाळूपुढे मऊच, आणि लॅमिनेट किंवा व्हिनाइलच्या जमिनीचे तर फारच लवकर हाल होतात. मऊ चाकातही कण रुतून बसतो, म्हणजे नवी चाकं घातली की केरसुणीला सुटी, असं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी खुर्ची आडवी करून चाकांत गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापून काढा.

खरेदीत लोक फसतात ते मात्र चाकात नव्हे, पिनेत. पिन म्हणजे चाकाच्या डोक्यावरचा लोखंडी दांडा, जो खुर्चीच्या पायात बसतो. बहुतेक खुर्च्यांना ११ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत पिन असते, तिला वरच्या बाजूला बारीक स्प्रिंगची कडी. आयकियाच्या बऱ्याच खुर्च्यांना ती १० मिलिमीटरची असते, आणि काही खुर्च्यांना आट्यांची पिन, बोल्टसारखी फिरवून बसवायची. एका मिलिमीटरने काय बिघडतं, असं म्हणू नका. ११च्या भोकात १०ची पिन घातली, तर खुर्ची उचलल्याबरोबर चाक खाली पडतं. घरात व्हर्नियर नसेल तर कागदाची बारीक पट्टी पिनेभोवती एकदाच घट्ट गुंडाळा, टोक जुळतं तिथे खूण करा आणि पट्टी फूटपट्टीवर मोजा. साडेचौतीसच्या आसपास भरली तर पिन ११ची, साडेएकतीसच्या आसपास भरली तर १०ची. लांबीही बघा, सहसा २२ मिलिमीटर असते. त्याहून सोपं म्हणजे जुनं चाक पिशवीत टाकून दुकानात न्या. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट आहेच, इतरांना गावातलं हार्डवेअरचं दुकान किंवा खुर्च्या दुरुस्त करणारा पुरेल.

माल कोणता? पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू म्हणतो, ते घ्या. काळं रबर आवाज करत नाही, पण पांढऱ्या टाइलवर डाग पाडू शकतं. स्वस्त पीयूला दमट हवा मानवत नाही. पेटीत ठेवलेल्या जुन्या बुटांचा तळ जसा भुगा होऊन पडतो, तशीच ही धावही काही वर्षांत सुटायला लागते. मुंबई-कोकणातल्यांनी म्हणूनच पुढे लागतील या हिशेबाने जादा सेट घेऊन ठेवू नये.

आकारात हौस नको. नेहमीचं चाक ५० मिलिमीटरचं असतं. ७५चं चाक शहाबादीच्या उंचसखल सांध्यांवरून अलगद जातं, हे खरं. पण बैठक इंचभर तरी वर जाते. उंची कमी असेल तर पाय लोंबकळतात आणि खुर्ची आणखी खाली येत नाही.

घरात आजी-आजोबा त्याच खुर्चीवर बसत असतील तर जरा थांबा. गुळगुळीत फरशीवर मऊ चाकाची खुर्चीही बसता बसता मागे पळू शकते. त्यांच्यासाठी रिकामी असताना आपोआप अडकणारी, बसल्यावर सुटणारी ब्रेकची चाकं मिळतात. नाहीतर चाकांऐवजी त्याच पिनेचे स्थिर पाय बसवा.

बसवणं सोपं आहे. खुर्ची उलटी करा, चाक सरळ धरून ओढा. निघालं नाही तर कापडाची घडी ठेवून मोठ्या स्क्रूड्रायव्हरने उचका. नवं चाक तळहाताने दाबा, टक् आवाज आला की बसलं. पाचही एकदम बदला. तीन नवी, दोन जुनी ठेवलीत तर खुर्ची डुगडुगेल. आणि उलटी केलीच आहे तर प्लास्टिकच्या पायाचे पाचही फाटे नीट बघून घ्या. एखाद्याला तडा गेला असेल, तर चाकांवर पैसे घालू नका. आधी पाया बदला, तो मिळत नसेल तर त्या खुर्चीवर कोणाला बसू देऊ नका.